मीटरवर शून्य होतं

अंबडच्या एका कारखान्यात लंकाबाई चोक गुंडाळतात. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे, एकही वेढा दुसऱ्यावर चढू द्यायचा नाही. ही नोकरी त्यांना नवऱ्याच्या जागी मिळाली. अशी नोकरी वैऱ्यालाही मिळू नये.

नवरा, भिकन, तिथे इलेक्ट्रिशियन होता. खंडेनवमीला वीज बंद करून यंत्रं पुसायची, हळदकुंकू वाहायचं, ही तिथली रीत. त्या वर्षी मेन स्विच पाडला, पॅनेल उघडलं आणि भिकनने आतल्या कपॅसिटरला ओल्या बोटाने कुंकू लावलं. बोट टेकलं आणि माणूस गेला. लोकांच्या जिभेला काय हाड! हयगय केली, म्हणाले. साहेबांनीही तेच लिहिलं. तेव्हा शेजारी असलेला रंगनाथ फिटर एकटा सांगत राहिला, "मीटर लावला होता. शून्य होतं. मी डोळ्यांनी पाहिलं."

लंकाबाईंना ते पटेना. शून्य होतं, तर माणूस मेला कसा? हा मेला आपली कातडी वाचवतोय, असंच त्यांनी धरलं. एकाच शेडमध्ये काम, पण इतक्या वर्षांत त्याच्याशी अवाक्षर नाही. राग कुणावर तरी काढावा लागतोच.

मुलगी तेजल आता आयटीआयला जाते. एका रविवारी तिने ओट्यावर बॅटरी आणि जुना कपॅसिटर मांडला.

"आई, तू गुंडाळतेस तो चोक एसीला अडवतो. डीसीला मात्र तो नुसती तार, खुशाल जाऊ देतो. कपॅसिटरचं उलटं. एसीची त्याच्यातून ये-जा चालते. डीसी आत भरून बसते, वीज तोडली तरी बसलेलीच. ती निथळायची सोय असते, पण ती सोयच जळाली की संपलं."

तिने कपॅसिटर बॅटरीवर भरला, सोडवला आणि मीटर टेकवला. शून्य. मग मीटरचं बटण फिरवून पुन्हा टेकवला. बॅटरीइतका आकडा आला.

"आधी शून्य कसं गं?"

"आधी मीटर एसीवर होता. आतली डीसी त्याला दिसतच नाही. कारखान्यात रोजचं काम एसीचं, बटण कायम तिथेच असतं."

लंकाबाईंना उमगलं. म्हणजे भिकनने हयगय केली नव्हती. तपासूनच बोट लावलं होतं. त्या पोटभर रडल्या, आणि त्या रडण्याने त्यांना बरं वाटलं. मग रंगनाथ आठवला. बिचारा खरं बोलत होता, आणि आपण त्याला खोटारडा ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन त्याच्यासमोर बसल्या.

"भाऊजी, तुमचं खरं होतं. चुकले मी. मीटर एसीवर असला तर शून्यच दावणार, आतली डीसी दिसत नाय. ह्यांचं एवढंच चुकलं, बटण फिरवायचं राहिलं."

रंगनाथचा घास हातातच राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "मीटर भिकनच्या हातात नव्हता. त्याच्या हातात पूजेचं ताट होतं. मीटर मी लावला. मीच म्हणालो, शून्य हाय, लाव कुंकू."

लंकाबाईंना वाटलं, आता संताप येईल. आला नाही. समोरचा माणूस हळूहळू पांढराफटक पडत होता, आणि हे ह्याला सांगायला आपण आलोच कशाला, असं त्यांना झालं.