ओझेलाची सत्तावीस वर्षं

ओझेला टिसडेलच्या मयताला पाद्रीबुवांनी तिच्या सोशिकपणाचं कौतुक केलं. मला उठून ओरडावंसं वाटलं, की बुवा, कसली सोशिक! एक नंबरची भांडखोर होती ती, आणि भांडता भांडताच गेली.

नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या गावात सिगारेटचा कारखाना एकच. १९३९ साली, सोळाव्या वर्षी, ओझेला तिथल्या तळघरात लागली. तंबाखूच्या पानातली जाड शीर ओढून काढायची, दिवसभर. तळघरात आम्ही सगळ्या काळ्या बायका. वर यंत्रांवर गोऱ्या बायका, पांढरे कडक ॲप्रन घालून. काळे पुरुष अंगणात पिंपं ढकलायला. मी तिच्या शेजारच्याच बाकावर असायचे. धुरळ्यानं छाती भरायची. त्यात मुकादम हाक मारायचा, "ए पोरी!" ओझेलाला नातवंडं झाली तरी ती त्याच्या लेखी पोरच.

१९६४ साली कायदा झाला. काळा-गोरा, बाई-पुरुष असा भेद कामावर करायचा नाही. दोन वर्षांनी ओझेला हट्टानं वर गेली. माझी छाती झाली नाही. पण हजेरीच्या घड्याळाशेजारी यंत्रघराची यादी टांगलेली असे, कोण किती जुनं याची. तिच्यात ओझेला सगळ्यात खाली.

"तळघरातली वर्षं इथं चालत नाहीत," साहेब म्हणाला.

सत्तावीस वर्षं, आणि म्हणे चालत नाहीत! काय हा माज!

१९७४मध्ये मंदी आली. शेवटी आलेला आधी जाणार, असा नियम. ओझेलाचं नाव यादीतून पुसलं. ती वर जायच्या आदल्या वर्षी लागलेली गोरी पोर राहिली. ओझेलानं दावा लावला. मागणी एकच, माझी सत्तावीस वर्षं मोजा.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं दोन फोटो पुढे केले. पहिल्यात यंत्रांपुढे चाळीस बायका. "बघा, आम्ही बायकांना काम देतो." दुसऱ्यात पिंपांपुढे तीस काळे. "काळ्यांनाही देतो." पहिल्यात एक काळी नाही, दुसऱ्यात एक बाई नाही. आणि न्यायाधीशमहाशय मान डोलावतायत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तक्रार नक्की कशाची?" त्यांनी ओझेलाला विचारलं. "काळी म्हणून, की बाई म्हणून? एक काय ते ठरवा."

"साहेब, मला तळघरात धाडताना कुणी ठरवायला सांगितलं नव्हतं."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. ओझेलानं पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "आणि हे ॲप्रन मी इस्त्री केलेत. फोटोसाठी रविवारी बोलावलं होतं मला. फोटो काढताना भिंतीआड उभी केली."

दावा फेटाळला. पायऱ्यांवर मला रडू आवरेना.

"रडतेस काय, व्हर्निस? चल घरी, घेवडा शिजत ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या वकिलाच्या दारात हजर. वरच्या कोर्टात चार वर्षं गेली. वकील बदलले, तारखा बदलल्या, फोटो मात्र तेच. तिची छाती तळघरानं आधीच पोखरली होती. मार्चमध्ये ती गेली. जूनमध्ये निकाल लागला. काळी बाई हीसुद्धा एक अख्खी माणूस असते, हे त्या शहाण्यांना तेव्हा उमगलं.

तिच्या लेकीनं कंपनीचं पत्र माझ्याकडे आणलं. 'आपली सेवा १९३९पासून धरण्यात येत आहे. सोमवारी कामावर हजर व्हावे.'

सोमवारी पत्र घेऊन मी हजेरीच्या घड्याळापाशी गेले.

"मिस ओझेलाचं नाव यादीत घाला."

"मेलेल्या बाईचं नाव कसं घालू, पोरी?" मुकादम म्हणाला.

"जिवंतपणी पुसायला जमलं ना? मग आता घालायलाही जमेल."

माझ्यामागं तळघरातल्या अठरा बायका उभ्या होत्या. भोंगा वाजला. एकीनंही हजेरी लावली नाही. वर यंत्रं पानांची वाट बघत थांबली. मुकादमानं दोनदा साहेबाच्या खिडकीकडे पाहिलं, शेवटी खिशातून पेन काढलं आणि यादीच्या तळाशी वाकला.

"खाली नाही," मी म्हणाले. "सगळ्यात वर."