आसरा पुलावरचे व्याही

सोलापुरात माणूस पळताना दिसला की लोक आधी त्याच्या मागं बघतात. मागं कुत्रं नाही, पोलीस नाही, बायको नाही, अशी खात्री झाली की मग त्याच्याकडं बघतात, आणि गाडी थांबवून म्हणतात, "बसा की, सोडतो."

मी पळायला लागलो त्या पहिल्या वर्षात एकतीस जणांनी मला सोडायची तयारी दाखवली. त्यात सहा दूधवाले, एक पाण्याचा टँकर आणि एक उसाचा ट्रॅक्टर होता. टँकरवाल्याला मी सांगितलं की व्यायाम म्हणून पळतोय. तो म्हणाला, "व्यायाम उद्या करा, आज बसा." एकेका माणसाला नाही म्हणायला सरासरी एक मिनिट जातं. नुसतं 'नको' इथं कुणी ऐकत नाही. कारण द्यावं लागतं आणि ते समोरच्याला पटावं लागतं.

माझं पळणं पाण्यामुळं सुरू झालं. जुळे सोलापुरात आमची तीन मजली इमारत आहे आणि आम्ही तळमजल्यावर राहतो. नळाला पाणी येतं त्या दिवशी टाकी भरली का बघायला गच्चीवर जायचं काम माझ्याकडं. बेचाळीस पायऱ्या. तीन वर्षांपूर्वी एकदा तिसाव्या पायरीवर दम लागून मी बसलो आणि तेवढ्यात टाकी वाहून वरच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले सांडगे भिजले. सांडगे नव्यानं घालून द्यावे लागले, ते बायकोनं घातले, आणि मी दुसऱ्या दिवशी बूट आणले. तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो.

बायको तेव्हाच म्हणाली होती, "लग्नाच्या वयात कुणाबरोबर पळाला नाहीत, आता एकटेच पळा."

माझा रस्ता ठरलेला. घरातून आसरा पूल, पूल ओलांडून होटगी रस्त्यानं विमानतळाच्या भिंतीपर्यंत आणि परत. सहा किलोमीटर दोनशे मीटर. स्कूटरच्या काट्यावर दोनदा आणि मोबाइलवर एकदा मोजून तिन्हींची सरासरी काढली आहे. या पुलाखालून रेल्वे जाते. वीस वर्षं मी त्यावरून स्कूटर नेली, पण त्याला चढ आहे हे मला कधी कळलं नव्हतं. तो चढ दोनशे दहा पावलांचा आहे.

एकदा हे कळलं की मग सगळीकडंच तसं दिसायला लागतं. माझा मेहुणा फोनवर "सात रस्ता चौकात आहे, पाच मिनिटांत आलो" म्हणतो. पूर्वी मी चिडायचो. आता मी त्याला सांगतो, सतरा मिनिटं लागतील, सावकाश ये. एकदा तो खरंच अठराव्या मिनिटाला आला आणि माझ्यावरच रागावून बसला. बोलणाऱ्या माणसांचंही मला कळायला लागलं. पहिल्या किलोमीटरला जो जोरात सुटतो, त्याचं काय होतं ते पुलावर दिसतं. बैठकीतही तसंच. म्हणून मी सुरुवातीला कमी बोलतो. बायकोच्या मते मी शेवटीही कमीच बोलतो, फक्त आता त्याला पळण्याचं कारण देतो.

तर गेल्या वर्षी मुलीचं लग्न निघालं. ती पुण्याला नोकरीला. मुलगाही तिथंच, तिच्याच ऑफिसच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या कंपनीत. घर मात्र सोलापुरातलं, आसरा पूल उतरलं की पाचशे मीटरवर. वडिलांचं मार्केटात ज्वारीचं दुकान. त्या दोघांनी एकमेकांना दोन वर्षांपूर्वीच पसंत केलं होतं. आम्हा मोठ्यांचं एकमेकांना पसंत करणं तेवढं राहिलं होतं.

ते लोक आमच्याकडं आले तेव्हा बायकोनं गूळ घालून शेंगापोळ्या केल्या होत्या. मुलाचे वडील अंगानं भरलेले, मोकळे. आले तेच बोलत आले. पाऊस, ज्वारीचे भाव, अक्कलकोटकडची शेती, सगळं पहिल्या वीस मिनिटांत. मी मनात म्हटलं, हे पुलावर दमणार. पोळ्यांचं ताट आलं आणि ते खरंच गप्प झाले. त्यांनी एक पोळी उचलली, मोडली, तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि दोन्ही तुकडे मुलाच्या ताटात ठेवले. चहाही अर्धा ठेवला.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "माझी पोळी मोडून परत ठेवली. एकोणतीस वर्षांत असं कुणी केलं नाही. त्यांना हे स्थळ नकोय."

चार दिवसांनी होटगीहून अक्काचा फोन आला. अक्का माझी चुलत बहीण, त्यांचीही नात्यातली, आणि या लग्नात मध्यस्थ तीच. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं ती मला तम्मा म्हणते.

"तम्मा, खरं सांग. तुला शुगर हाय का?"

"नाही."

"मग पळतोस कशाला?"

"बरं वाटतं."

"बरं वाटायला माणूस झोपतो की." मग आवाज उतरवून म्हणाली, "ते विचारायलेत. मुलीच्या वडलांना रोज पहाटे पुलावर बघतोय म्हणले. शुगरबिगर हाय का, जरा अंदाज घ्या म्हणले."

हे मुलीला सांगावं लागलं. तिनं अक्काचे शब्द दोनदा सांगायला लावले. मग म्हणाली, "पप्पा, लग्न ठरेपर्यंत पळू नका."

"ठरायला किती दिवस लागतील?"

"मला काय माहीत?"

"अंदाजे."

"पप्पा, दोन वर्षं आम्ही हे सांभाळत इथंपर्यंत आणलंय. आता तुमच्या बुटांवरून मोडू देऊ का?" तिचा आवाज रडवेला झाला होता. मी बूट कपाटावर ठेवले.

तीन दिवस गच्चीवर पळून बघितलं. गच्ची अकरा मीटर लांब, त्यामुळं दर चार सेकंदांनी वळावं लागायचं. तिसऱ्या दिवशी सांडग्यांच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "अहो, मला वाटलं कुणी फरशी बसवतंय." तेही बंद केलं. मग घरातल्या घरात मला सगळ्याच्या चुका दिसायला लागल्या. कुकर तिसऱ्या शिट्टीला बंद करायचा असताना चौथी होते. दूधवाला रोज सहा मिनिटं उशिरा येतो. आठव्या दिवशी रात्री जेवताना बायकोनं ताट खाली ठेवलं. "अहो, जा तुम्ही पळायला. पळालात तर एक लग्न मोडेल. घरात राहिलात तर दोन मोडतील."

मी मुलीला फोन करून परवानगी मागितली. ती म्हणाली, जा, पण त्यांच्या घरावरून जाऊ नका. मी ठरवलं, पुलाच्या माथ्यापर्यंत जायचं आणि तिथून वळायचं. पलीकडं उतरायचंच नाही.

सकाळी साडेपाचला पुलाच्या अलीकडं चढ सुरू होतो तिथं एक विजेवरची स्कूटर उभी होती. तिच्यावर हेल्मेट घालून मुलाचे वडील बसले होते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "आट दिवस झालं, रोज हितं येऊन उभा राहायलोय. कुटं होता तुमी?"

मी थांबलो. त्यांनी लगेच हात हलवला. "थांबू नका, थांबू नका, तुमचं बिघडंल. पळा. मी येतो की संगं."

मग मी पळत आणि ते शेजारून स्कूटरवर, असे आम्ही पूल चढू लागलो. एवढ्या हळू ती गाडी चालायची नाही. दर दहा पावलांवर ती डुगडुगायची आणि ते एक पाय रस्त्यावर टेकायचे.

"आट दाखवतंय काटा," ते म्हणाले.

"सव्वासात असेल. चढ आहे."

"बरं." थोडं पुढं गेल्यावर त्यांनी हेल्मेटची काच वर केली. "एक विचारू का? राग मानू नका. शुगर किती हाय तुमची?"

"उपाशीपोटी ब्याण्णव."

"म्हंजे?"

"म्हणजे नाही."

"अजिबात न्हाय?"

"अजिबात नाही. मार्चमध्ये तपासली. कागद घरी आहे, दाखवतो."

"यप्पा," असं म्हणून त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली. मला शुगर नाही म्हणून कुणाला वाईट वाटल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. तसेच आम्ही माथ्याला पोचलो. तिथं मी ठरल्याप्रमाणं वळलो, तर ते स्कूटर वळवून माझ्या मागं आले.

"असती तर बरं झालं असतं की," ते म्हणाले.

तेव्हा मी थांबलोच.

त्यांना शुगर होती, चार वर्षांपासून. आकडा दोनशे चाळीस. बायको आणि डॉक्टर सोडून कुणाला माहीत नव्हतं, मुलालाही नाही. मुलीकडच्यांना कळलं तर ते म्हणतील हे घराण्यातच आहे, पोरालाही होणार, आणि स्थळ हातचं जाईल, ही त्यांची भीती. मग मला पुलावर पळताना पाहून त्यांना वाटलं, या माणसाला नक्की असणार. दोन्हीकडं असली म्हणजे प्रश्नच मिटला. म्हणून त्यांनी अक्काला हळूच अंदाज घ्यायला सांगितलं होतं. हळूच काही करणं अक्काला कधी जमलेलं नाही.

"आता हे तुमच्याजवळच ठेवा," ते म्हणाले. "दीडशेच्या आत आली की मीच सांगतो सगळ्यांना."

"दीडशेची वाट बघितली तर लग्न पुढच्या वर्षावर जाईल," मी म्हणालो. "आणि मुलीनं विचारलं तर मी तिला खोटं सांगणार नाही."

त्यांनी हेल्मेट काढलं. आत डोकं पूर्ण भिजलं होतं, माझ्यापेक्षा जास्त. ते खालच्या रेल्वे रुळांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ताई उठल्या असतील का?"

त्या दिवशी परत येताना मी पुढं पळालो आणि ते मागून दिवा लावून आले. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते बायकोला म्हणाले, "ताई, तुमची पोळी आवडली न्हाय म्हणून ठेवली न्हाय मी. शुगर हाय मला. वास येत हुता तिचा, आता खाल्ली तर चार खाईन, म्हणून पोराला दिली."

बायकोनं त्यांच्याकडं बघितलं. "मग सांगायचं नाही का? शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली असती." आणि लगेच दिलीही. त्यांनी दीड भाकरी खाल्ली.

तिथूनच त्यांनी मुलाला फोन लावला आणि मी मुलीला. मुलगी ऐकून घेऊन म्हणाली, "एवढंच?" मग म्हणाली, "पप्पा, मग तुम्ही पळा की आता."

साखरपुडा दीड महिन्यानं ठरला. तोवर ते रोज सकाळी पुलाशी येऊन स्कूटर उभी करायचे आणि पूल चढायचे. पळणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी पुढं जाऊन परत येईपर्यंत त्यांच्या दोन फेऱ्या व्हायच्या. सुरुवातीला त्यांना किलोमीटरला अठरा मिनिटं लागत, महिन्याभरानं चौदा.

साखरपुड्याचं कार्यालय आमच्या घराजवळच घेतलं होतं. मुहूर्त दहा पंचेचाळीसचा. सव्वादहाला त्यांच्याकडची माणसं तीन गाड्यांतून उतरली. वडील नव्हते.

"येतायत मागनं," मुलाची आई म्हणाली. "गाडीत बसले न्हाईत."

गाडीत बसले नाहीत, हे तोंडातोंडी कार्यालयभर पसरायला दोन मिनिटं लागली. व्याही रुसले. मानपानात काही राहिलं का, टोपी कमी पडली का, कोण काय बोललं, सगळीकडं तेच. अक्का दोन्हीकडं धावत होती. मेहुण्याला गाडी घेऊन पाठवलं. तो दहा अठ्ठावीसला परत आला. "पूल उतरून अलीकडं आलेले दिसले. मी काच खाली करून हात जोडले, तरी बसले नाहीत. बोललेसुद्धा नाहीत. लई तापलेत."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. नवी साडी, हातात मेंदी, आणि डोळे त्या दिवशीच्या फोनवरच्या आवाजासारखे. पळायला लागण्याआधीचा मी असतो, तर मीच त्या मेहुण्याला घेऊन परत गाडीनं निघालो असतो.

मी मुलाच्या आईकडं गेलो. "पायात काय होतं त्यांच्या?"

"पांढरे बूट. धोतरावर. मी म्हणलं, लोक हसतील."

"निघाले किती वाजता?"

"धाला."

त्यांच्या घरापासून कार्यालय दोन किलोमीटर तीनशे मीटर. चौदानं गुणलं तर बत्तीस मिनिटं. पुलाच्या चढाचं एक आणि माथ्यावर दम खायचं एक. मी मुलीला सांगितलं, "दहा चौतीसला येतील. बस निवांत."

दहा चौतीसला ते आले नाहीत. पस्तीसला नाहीत. छत्तीसला बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्या हातातलं घड्याळ बघायला लागली. मुलगी दाराकडं बघत होती.

दहा अडतीसला ते फाटकातून आत आले. धोतर, फेटा, पांढरे बूट, आणि सदरा पाठीला चिकटलेला. सगळे उठून उभे राहिले. ते सरळ माझ्याकडं आले आणि दम घेत म्हणाले, "चार जणांनी गाडी थांबवली, पाव्हणं. चार जणांनी. एक तर तुमचा मेहुणाच. माणसाला चालू देत न्हाईत की हितं."

चार माणसं, चार मिनिटं. हिशेब बरोबर होता, मीच ती धरायला विसरलो होतो.

साखर वाटली तेव्हा त्यांनी चिमूटभर घेऊन ती जावयाच्या थाटात बसलेल्या आपल्या मुलाच्या हातावर ठेवली. मुलगी हसत होती. बायकोनं त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत शेंगाचटणी आणली होती.

घरी जाताना मात्र ते माझ्या मेहुण्याच्या गाडीत बसले. ते अंतर मी त्यांच्या चालण्याच्या हिशेबात धरलेलं नाही.