फरशीवर सोडलेली जागा

वसईत पापडीच्या चर्चवरून पुढे गेलं की एक केळीची वाडी लागते. वाडीच्या टोकाला, विहिरीच्या पलीकडे एक खोली आहे. तिचं छप्पर सरकतं. रुळांवर बसवलेले पत्रे दोघांनी मिळून ढकलले की खोली वरून उघडी होते. रूळ आणि चाकं वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतलेली. तो माणूस एरवी सोसायट्यांची सरकती गेटं बनवायचा. छपराला चाकं कशाला हवीत, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नव्हतं. गावात कुणी तिला पत्र्याची खोली म्हणायचं, कुणी बाईंची दुर्बीण. आम्ही वेधशाळा म्हणायचो, कारण बाई तसं म्हणत.

बाई पापडीच्याच. त्यांच्या तरुणपणी इथली शिकलेली मुलगी शिक्षिका व्हायची, नाहीतर नर्स. बाई मात्र दक्षिणेतल्या एका मोठ्या वेधशाळेत सूर्याचे वेध घ्यायला गेल्या. तिथे दुर्बिणीपाशी उभं राहणाऱ्यांत बाईमाणूस त्या एकट्याच. सूर्यावरचे डाग रोज टिपायचे, हे काम त्यांनी नोकरीभर केलं. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन परत आल्या तेव्हा भावानं वाडीतला हा तुकडा दिला आणि त्यांनी तिथे ही खोली उभी केली. आपल्या भागातलं अशा तऱ्हेचं पहिलं काम ते, पण तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

मी साताऱ्याकडची. लग्नानंतर वसईत फ्लॅट घेतला म्हणून इकडची झाले आणि एका शाळेत गणित शिकवायला लागले. नव्वदच्या दशकात ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं होतं. मुलं ग्रहण बघायला एक्स-रेच्या फिल्मचे तुकडे जमवत होती. मला ते धोक्याचं वाटलं, पण खात्रीनं सांगणारं कुणी भेटेना. शेवटी कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं. मी फिल्मचा एक तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेले.

त्यांनी तो हातात घेतला, कात्रीनं कापला आणि केराच्या टोपलीत टाकला. मग मला समोर बसवून म्हणाल्या, "माझ्या उजव्या डोळ्याकडे बघा. काही वेगळं दिसतं?"

मला काही दिसलं नाही. तसं मी सांगितलं.

"दिसणार नाही. आत जळलाय तो. कॉलेजात असताना ग्रहणाच्या दिवशी घाई केली. सूर्यासाठीची काळी काच लावायच्या आधी दुर्बिणीला डोळा लावला. एक पळभरच. तेव्हापासून या डोळ्यानं मी तुमच्याकडे बघितलं तर तुमचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही."

त्या हे अगदी साधेपणानं बोलल्या. पुढे कळलं की बाई त्या खोलीत मुलांचे वर्ग घेतात आणि प्रत्येक नव्या वर्गाचा पहिला धडा हाच असायचा. मुलं येऊन बसली की बाई उजव्या डोळ्यावर बोट ठेवायच्या आणि आपली चूक सांगायच्या. मग सूर्य, मग दुर्बीण. शिकवणाऱ्यानं आधी आपली चूक सांगायची, हा त्या खोलीतला रिवाज होता. मी गणिताची बाई. आमच्याकडे चुका मुलांच्या असतात आणि लाल पेन आमच्याकडे. मला तो रिवाज पचायला वेळ लागला.

पण मी जात राहिले. शनिवारी दुपारी शाळा सुटली की तिथेच. बाई मला मास्तरीणबाई म्हणून चिडवायच्या. माझा तापट स्वभाव त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखला होता. मुलावर आवाज चढवला की म्हणायच्या, "मास्तरीणबाई, जरा छप्पर ढकलून या."

वेध घ्यायची त्यांची पद्धत जुनी होती. दोघांनी बसायचं. एकानं दुर्बिणीतून बघायचं, दुसऱ्यानं मोजायचं. मोजणाऱ्यानं दुर्बिणीकडे पाठ करून बसायचं, समोर रेडिओच्या ठोक्यांना लावून घेतलेलं घड्याळ, आणि सेकंद मोठ्यानं म्हणत राहायचं. बघणाऱ्याला हवी ती गोष्ट घडली की त्यानं हाक द्यायची. हाकेच्या वेळी तोंडात जो आकडा असेल ती वेळ. मोजणाऱ्यानं मान वळवायची नाही, काहीही झालं तरी. वळवली की मोजणी चुकते. आणि हाक चुकली तर वेळ नाही. मागून आठवून, अंदाजानं, पुस्तकात बघून लिहायची नाही. बाई एवढ्या एकाच बाबतीत कडक होत्या. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हापासून त्या कायम मोजायलाच बसायच्या.

त्या एका दिवसाची वाट बघत होत्या. शुक्र सूर्याच्या आणि आपल्या मध्ये येणार होता आणि सूर्याच्या बिंबावरून एखाद्या काळ्या ठिपक्यासारखा सरकत जाणार होता. या आधी हे घडलं तेव्हाचं माणूस आज पृथ्वीवर कुणी उरलेलं नाही, असं त्या सांगायच्या. ठिपका सूर्याच्या कडेला आतून टेकतो तो क्षण पकडायचा. त्यासाठी मुलांचा सराव घ्यायच्या. पांढरी ताटली घ्यायची, दोऱ्यात काळा मणी ओवायचा आणि तो ताटलीवरून हळूहळू कडेकडे ओढायचा. टेकला की हाक. तो मणी माझ्या तुटलेल्या मंगळसूत्रातला होता. बाईंच्या घरात काळे मणी कुठून असणार?

त्या सरावात एक मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. नायगावच्या खाडीकाठची, घरची भातशेती. भोवती टॉवर उभे राहायला लागले होते, पण घरातली बोली तीच राहिली होती. पोरगी अबोल. पण मणी कडेला लागला की तिची हाक अशी नेमकी पडायची की बाई खूश होऊन दोरा सोडून द्यायच्या. आमच्या सगळ्यांच्या मनात ठरून गेलं होतं की त्या दिवशी बघायला ही बसणार आणि मोजायला बाई.

त्या दिवसाच्या आदल्या वर्षी बाई आजारी पडल्या. शेवटी शेवटी अंथरुणातून उठवत नव्हतं. मी भेटायला गेले की त्यांचा भाचा दार उघडायचा. बाईंनीच नोकरीच्या गावी आपल्यापाशी ठेवून लहानाचा मोठा केलेला, वाडी तोच बघायचा. एका संध्याकाळी बाईंनी त्याला बाहेर पाठवलं आणि माझा हात धरला.

"मी नसेन. तू मोज." पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. "मान वळवू नकोस. आणि जी वेळ मिळेल ती मला येऊन सांग."

"कुठे?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"कुठे म्हणजे? चर्चच्या मागे. आणखी कुठे जाणार आहे मी?"

मी हो म्हणाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. मी माझ्या आईच्या वेळी रडले नव्हते इतकी त्या दिवशी चर्चच्या आवारात रडले. हे माझ्या भावंडांना आवडणार नाही, पण खरं आहे.

शुक्राचा दिवस जूनमध्ये होता. शाळा अजून उघडल्या नव्हत्या, म्हणून सगळी मुलं आली. भाच्यानं आदल्या दिवशी चर्चमध्ये बाईंच्या नावानं मिस्सा, म्हणजे प्रार्थना, ठेवली होती. वेधशाळेच्या भिंतीत बसवायला काळ्या दगडाची फरशी करून घेतली होती. वर बाईंचं नाव, खाली त्यांच्या कामाबद्दल दोन ओळी, आणि त्याखाली: त्यांच्या शिष्यांनी शुक्र सूर्याच्या कडेला टेकताना पाहिला, वेळ. पुढची जागा मोकळी. दगडावर अक्षरं कोरणाऱ्याला त्यानं दुपारी बोलावून ठेवलं होतं. वेळ मिळाली की तिथल्या तिथे कोरायची आणि संध्याकाळी फरशी बसवायची. भाच्याला दुर्बिणीतलं फारसं कळत नव्हतं, पण आत्यासाठी जे सुचलं ते त्यानं मनापासून केलं होतं.

सकाळपासून ढग. शुक्र सूर्यावर चढला तो आम्हाला दिसलाच नाही. दुपारीही तेच. छप्पर उघडून आम्ही वर बघत बसलो होतो. कुणी जेवलं नाही. चार वाजायच्या सुमारास ढग फाटले आणि सूर्य बाहेर आला. त्याच्या कडेजवळ शुक्र होता, काळाभोर, गोल, माझ्या मण्याएवढाच. असं मुलांनी सांगितलं. एकेकाला डोळा लावू द्यायचा होता, रांग लावली, आणि रांग संपेपर्यंत वेळ जवळ आली. मला बघायला मिळालं नाही. मुलगी दुर्बिणीशी बसली. मी पाठ करून घड्याळासमोर बसले आणि मोजायला लागले.

पाठीमागे जे चाललं होतं ते परत दिसायला आठ वर्षं, आणि त्यानंतर शंभरावर वर्षं. मला मान वळवावीशी वाटली. फार वाटली. मी दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली होती. साठ झाले की परत एकपासून. मिनिट गेलं, दुसरं गेलं. हाक येईना. मला वाटलं, आपल्या गणितात काही गडबड आहे. मी मोजत राहिले. घसा सुकला तरी मोजत राहिले.

मग मागून हळू आवाज आला. "ताई, तो भायेर चाललाय."

मी मोजणं थांबवलं. "टेकला कधी?"

"मगाशीच."

मी वळले. तिचे गाल ओले होते. वर ढग परत येत होते. मी दुर्बिणीपाशी पोहोचेपर्यंत सूर्य गेला होता. शुक्र शेवटी पूर्ण बाहेर पडला तेही कुणाला दिसलं नाही.

"हाक का नाही दिलीस?"

"इसरली मी. तो कडेला लागला ना, तवा मला बाई आठवल्या. त्यांनी ह्ये पाह्यला पायजे होता. आनि मग हाक राह्यली."

मला राग आला. त्या रागाची आठवण आजही ताजी आहे. मी एवढी वर्षं वाट बघितली, पाठ करून बसले, डोळ्यांनी काही बघितलं नाही, आणि हिनं एक शब्द उच्चारायचा तेवढा उच्चारला नाही. मी काही बोलण्याआधी आपण होऊनच छप्पर ढकलायला गेले. एकटीला ते हलेना. मुलगी आली आणि दुसऱ्या बाजूनं ढकलायला लागली. आम्ही दोघींनी मिळून ते बंद केलं.

भाचा दारात उभा होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग काय झालं? पेपरात वेळ दिली आहे ना? तीच कोरू. पोरांनी बघितलं तर खरंच आहे. एवढी मोठी फरशी, आणि मधेच रिकामी? लोक काय म्हणतील?"

कोरणारा छिन्नी हातात घेऊन माझ्याकडे बघत होता. भाच्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पेपरातली वेळ आणि आमची वेळ यांत काही सेकंदांचा फरक पडला असता, कदाचित तेवढाही नाही. कुणाला कळलं नसतं. मुलगी खाली मान घालून उभी होती. ती नको म्हणाली नाही. मी हो म्हटलं असतं तर तिची सुटका झाली असती आणि माझीही.

"नाही," मी म्हणाले. "ती पेपराची वेळ आहे. आमची नाही."

"मग काय लिहायचं?"

"काही नाही. तशीच बसवा."

भाचा माझ्यावर रागावला. पुढचे काही महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. पण फरशी त्यानं तशीच बसवली, मोकळी जागा ठेवून. आत्याचा नियम त्यालाही ठाऊक होता.

संध्याकाळी मी चर्चच्या मागे निघाले. कबूल केलं होतं म्हणून. मुलगी विहिरीपाशी उभी होती. म्हणाली, "ताई, मी सांगते."

बाईंच्या क्रूसापाशी मेणबत्त्या होत्या, आदल्या दिवशीच्या. मुलगी पुढे झाली. मग म्हणाली, "बाई, तो टेकलेला मी पाह्यला. लई सुंदर होता. मी हाक द्याला इसरली." एवढंच. माझा राग तिथे गेला. कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही परत आलो.

ती पुढे कॉलेजात फिजिक्सला गेली. शनिवारी मात्र यायची. हळूहळू नव्या मुलांचा वर्ग तिनंच हातात घेतला आणि मी तिच्या हाताखाली छप्पर ढकलणारी झाले. नवी मुलं आता फ्लॅटमधली जास्त. हिंदी-मराठी-इंग्रजी सगळं एकत्र बोलणारी, आणि प्रश्न विचारायला अजिबात न लाजणारी.

तिनं घेतलेल्या पहिल्या वर्गाला मी मागे भिंतीशी बसले होते. बाईंच्या डोळ्याची गोष्ट ती सांगणार, असं मला वाटलं होतं. ती उठली, फरशीपाशी गेली आणि शेवटच्या ओळीपुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून उभी राहिली.

"इथे वेळ लिहायची होती," ती म्हणाली. "ती इथे नाही, कारण मी हाक दिली नाही."

मग एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं मोजायचं, ही पद्धत तिनं मुलांना समजावली. एका छोट्या मुलीनं विचारलं, "दीदी, मग मोजत कोण होतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. सगळ्या माना वळल्या.

"त्या," ती म्हणाली. "त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही. त्यांनी तो अजून पाह्यलेला नाही."

मग तिनं टेबलावर पांढरी ताटली ठेवली आणि खिशातून दोऱ्यात ओवलेला काळा मणी काढला. "ताई," ती मला म्हणाली, "आज तुम्ही इकडे या. आज मी मोजते."

ती आमच्याकडे पाठ करून बसली आणि मोजायला लागली. एका मुलानं मणी ताटलीवरून ओढायला घेतला. मी पुढे होऊन बघत होते. मणी कडेला टेकला आणि मी हाक दिली.