सांगोल्याचा खाकी रुमाल

रुमालतात्यांना माणसाचं नाव लक्षात राहायचं नाही, गाव मात्र ते कधी विसरले नाहीत. सोलापुरातल्या आमच्या कचेरीत जुन्या कागदपत्रांची खोली तीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. मला ते 'माढा' म्हणून हाक मारत. माझं आडनाव काय, हे त्यांना बहुधा शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

कागद कापडी रुमालांत बांधून फळ्यांवर ठेवलेले असत. तात्यांनी प्रत्येक तालुक्याला कापडाचा रंग ठरवला होता. "माढ्याला हिरवा, ऊस हाय की तितं. सांगोल्याला खाकी. तितं दुसरा रंगच न्हाय." तात्या स्वतः सांगोल्याचे, म्हणून हे बोलायचा हक्क त्यांचाच. खिडकीशी कोणी आलं की ते एवढंच विचारत, "गाव कुटलं?" आणि चहा निवायच्या आत कागद काढून देत.

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी पुण्याहून नवे साहेब आले. त्यांना सगळं शास्त्रशुद्ध हवं होतं. सगळे रुमाल पांढरे, प्रत्येक कागदाला नंबर, नंबरांचं रजिस्टर. तात्या एकदाच बोलले, "सायेब, कागद मागनाऱ्याच्या सोयीनं ठिवावा. त्येला नंबर ठावं नसतो, गाव ठावं असतं."

"आणि उद्या तुम्ही नसलात तर?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

तात्यांनी उठून पहिला पांढरा रुमाल पसरला. पुढचे सात महिने आम्ही दोघं नंबर घालत बसलो. तात्यांनी एकाही नंबरात चूक केली नाही, याचा मला अजून राग येतो.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "माजं सेवापुस्तक आता हितंच येनार. तेवढं सांगोल्याला ठिव. म्हातारीला लिवता-वाचता येत न्हाय, नंबर कुटनं सांगंल ती?"

दोन वर्षांनी तात्या गेले. त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कामासाठी त्यांची बायको खिडकीशी आली. तात्यांच्या खुर्चीत आता मी होतो. मान वर न करताच विचारलं, "नंबर?"

"नंबर न्हाय बगा. सांगोला म्हन, असं सांगून ठिवलं हुतं त्येंनी."

मला माझीच लाज वाटली. उठून पांढऱ्या रुमालांच्या मागचा एकुलता एक खाकी रुमाल काढला. चहा निवायच्या आत पुस्तक टेबलावर होतं.

पुढच्या तपासणीत तो बिननंबरी रुमाल सापडला आणि मला लेखी ताकीद मिळाली. ती मी सांगोल्यालाच ठेवली.