फाटकाबाहेरचे व्याही

अन्नपूर्णामातेला प्रथम वंदन. तिच्या कृपेने चूल पेटते आणि तिच्याच कृपेने पंगतीला माणूस लाभतो. आमच्या व्याह्यांची एकसष्टी येत्या पौर्णिमेस आहे. त्या निमित्ताने चार शब्द लिहून द्यावेत, असा मुलाचा आग्रह पडला, म्हणून ही लेखणी हाती घेतली आहे.

आमच्या व्याह्यांइतके आतिथ्यशील गिऱ्हाईक पृथ्वीवरील कोणत्याही उपाहारगृहास आजवर लाभले नसेल, असे मी पूर्ण विचारान्ती विधान करतो. हे गृहस्थ म्हणजे आमच्या सुनबाईंचे वडील. झरी जामणीकडे त्यांची कापसाची आणि तुरीची शेती. सुनबाई व आमचे चिरंजीव पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात थाई स्वयंपाक शिकले, तेथेच त्यांचे जमले, आणि पुढे दोघांनी यवतमाळास परतून लोहाऱ्याच्या रस्त्यावर एका भाड्याच्या गाळ्यात थाई उपाहारगृह काढले. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या घरी हे कसे घडले, याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत असे. पुढे तिथला भात आवडू लागला आणि विचार थांबला.

व्याही महिन्यातून एकदा एसटीने येत, ते थेट त्या गाळ्यात. आमच्या घरी ते फाटकापर्यंत येत, बाहेरूनच हात जोडत, क्षेमकुशल विचारीत, परंतु पाण्याचा घोटही घेत नसत. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, हा रिवाज आता बहुतेकांनी सोडला आहे. आमच्या व्याह्यांनी तो एकट्याने सर्वांच्या वाटचा धरून ठेवला होता. उपाहारगृह उघडले तेव्हा मात्र त्यांची मोठी पंचाईत झाली. ते मला फाटकाशी गाठून म्हणाले, "इवाई, तुमच्या पोथीत हॉटेलाचं काई लिवलं हाय काय? लेकीचं हॉटेल म्हंजे लेकीचं घर का दुकान?"

शास्त्रकारांपुढे असा प्रश्न कधी आला नसावा, असे मी नम्रपणे सांगितले. मग त्यांनी स्वतःच निर्णय दिला. जिथे कोणीही वाटसरू येऊन बसतो ते घर नव्हे. आणि उठताना पैसे मोजले की ते दुकानच. त्या दिवसापासून ते खिडकीजवळच्या टेबलाशी टोपी काढून बसत आणि सुनबाई समोर वाटी ठेवीत.

त्या वाटीतला एकही पदार्थ त्यांनी चौकशीवाचून पोटात जाऊ दिला नाही. पहिल्याच दिवशी रश्श्यातून एक काडी बोटाने उचलून त्यांनी हुंगली आणि सुनबाईंना हाक मारली. "अवो बाई, हा तं गवती चहा हाय! आपल्याकडं सर्दी झाल्यावर पेतात. तू भाजीत कायले टाकून राह्यली?" तो त्या पाककृतीचा प्राण आहे, असे कळल्यावर पुढच्या खेपेस त्यांनी आपल्या बांधावरचा गवती चहा कापून त्याचा असा भारा आणला, की कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट घेतले म्हणे. नूडल्स त्यांनी शेवया म्हणून स्वीकारल्या. दूध-साखरेवाचून शेवया खाण्याची वेळ त्या देशावर का आली असेल, म्हणून हळहळलेही. नारळाच्या दुधातला हिरवा रस्सा मात्र त्यांच्या मनात बसला. गावी गेल्यावर त्यांनी त्याची कीर्ती पारावर इतकी सांगितली, की एकदा तीन शेजारी केवळ तो रस्सा पाहण्यासाठी आले, पाहून झाल्यावर चहा पिऊन परत गेले.

पण त्यांची खरी शोभा दिसे ती दुसऱ्यांच्या टेबलाशी. चार अनोळखी माणसे शेजारी जेवत आहेत आणि आपण गप्प बसलो आहोत, हे त्यांना सोसतच नसे. औद्योगिक वसाहतीतले तरुण अभियंते येत, व्याही त्यांच्या पाठीशी उभे राहून म्हणत, "घ्या न पोट्टेहो, लाजता काहून? भेऊ नका, तिखट नाई. लेक माहीच हाय." एकाने पोट भरल्याचे सांगितले, तेव्हा "एवढ्यानं कुठं भरते? माह्या गळ्याची आन हाय तुमाले," असे म्हणत त्यांनी स्वहस्ते त्याच्या ताटात भाताचा डोंगर रचला. त्या बापड्याने तो संपवला. नंतर बिलात हा जादा भात धरायचा की नाही, यावर चिरंजीव व सुनबाई यांच्यात कुजबुज झाली. सुनबाई म्हणाल्या, "बाबांनी वाढलेलं बिलात कसं धराव जी?" एक जोडपे तर लग्नाचा वाढदिवस एकांतात साजरा करण्यास आले होते. व्याह्यांनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली, दोघांची गावे विचारली, नवऱ्याच्या मामाशी आपली ओळख काढली आणि निघताना त्यांना तुरीच्या शेंगा बांधून दिल्या. ते जोडपे पुढे दर वर्षी येऊ लागले.

असे सुरळीत चालले असता गाळ्याच्या मालकाला आपल्या मुलासाठी जागा हवी झाली. दुसरा गाळा मिळेपर्यंत उपाहारगृह आमच्याच घरी आणावे, असे ठरले. दिवाणखान्यातून माझे ग्रंथ आत गेले आणि त्यांच्या जागी सहा टेबले आली. सर्वांना आनंद झाला. व्याह्यांचा विचार कोणाच्याच मनात आला नाही.

ते नेहमीप्रमाणे आले. पाटी फाटकावर पाहून तिथेच थबकले. आत टेबले, गिऱ्हाईक, सगळे होते; पण उंबरा लेकीच्या घराचा होता. मी पुढे होऊन म्हणालो, "या, दुकानच आहे." ते मान हलवून म्हणाले, "नाई इवाई. तुमी इथंच झोपता न? मंग हे घर." क्षणभर विचार करून त्यांनी लेकीला हाक दिली, "बाई, मले पार्सल दे!"

आणि आमच्या घरासमोरच्या पुलीवर, म्हणजे नालीवरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसून, व्याह्यांनी प्लॅस्टिकच्या डब्यातला हिरवा रस्सा भाताशी कालवून खाल्ला. येणाऱ्याजाणाऱ्यास "या जेवाले" म्हणण्यासही चुकले नाहीत. समोरच्या काकूंनी आमच्या सौभाग्यवतींना विचारले, "काहो, इवायाले घरात घेत नाई काय तुमी?" सौभाग्यवती त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढच्या महिन्यातही तेच झाले. सुनबाई डबा देऊन आत येत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बापाची पाठ पाहत उभ्या राहत. लग्नाला बारा वर्षे झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता, हे त्या पाठीकडे पाहिल्यावर कोणालाही आठवावे, अशीच ती बसण्याची जागा होती.

तिसऱ्या महिन्यात सुनबाईंनी डबा भरलाच नाही. हात पुसून त्या बाहेर गेल्या आणि वडिलांशेजारी पुलीवर बसल्या. मी बाटलीचे पाणी घेऊन मागोमाग गेलो होतो. परत फिरावे की थांबावे हे न कळून फाटकातच उभा राहिलो.

"बाबा," त्या म्हणाल्या, "आमी दवाखान्यात जाऊन आलो. आता होणार नाई म्हणे. आमी दोघांनीबी मानून घेतलं. तुमी किती वर्सं या पुलीवर बसून जेवसान?"

एक ऑटो गेला. मग व्याही म्हणाले, "मले कोनं सांगतलं नाई."

"तुमी कधी इचारलं?"

"बापानं कसं इचाराव, पोरी?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मले वाटे, मी तुह्या घरी जेवलो तं मीच आस सोडली असं होईन. म्हून धरून बसलो. मले त्या रिवाजाचं काय पडलं हाय?"

इतकी वर्षे मी ज्याला हट्ट समजून मनातल्या मनात हसत आलो, तो एक उपवास होता, हे मला त्या फाटकात कळले. हातातले पाणी जड झाले.

"मंग आता सोडा," सुनबाई म्हणाल्या. "मले भूक लागली, बाबा. मीबी जेवाची थांबली हावो."

व्याही उठले. अंगणातल्या नळावर त्यांनी पाय धुतले, अगदी सावकाश, देवळात जाण्यापूर्वी धुवावेत तसे. उंबऱ्याला हात लावून तो कपाळी नेला. टेबलांमधून वाट काढत ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि शेगडीजवळ फरशीवर मांडी घालून बसले. सौभाग्यवतींनी लगबगीने पाट दिला. काय वाढू, असे सुनबाईंनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तो रस्सा गिऱ्हाइकायले. घरी काय केलं तुमी आज?"

घरी वरण-भात, पोळी आणि वांग्याची भाजी होती. बापलेक एकाच वेळी जेवले. पहिला घास घेऊन व्याही थांबले आणि ताटाकडे पाहतच म्हणाले, "तुह्या आईवानी झालं वरण." सुनबाईंनी आणखी एक पळी वाढली. त्या घरात मी आयुष्यभर नैवेद्य दाखवीत आलो आहे. तो पोचला असे इतके स्पष्ट मला क्वचितच दिसले असेल.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, आपल्या घरी अन्न भरपूर असो आणि ते वाढणाऱ्या हातांना बळ असो. आपल्या माणसांपैकी कोणी मनात काही धरून उंबऱ्याबाहेर थांबले असेल, तर त्याला हाक मारण्याची बुद्धी अन्नपूर्णामाता आपल्या घरास देवो, आणि ती हाक वेळेवर जावो. शुभं भवतु.