राजेंद्रले चिखल

"चिंधी," मालकीण म्हणाली. "आजपासून हिले चिंधी म्हणाचं."

ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पोतं अंथरून, छत्री उघडून बसली होती. आम्ही खाली बांधीत, धानाच्या खाचरात. गुडघाभर चिखल, हातात धानाच्या पऱ्ह्याची, कोवळ्या रोपांची, पेंढी, कंबर वाकलेली. तिच्या मुलानं, म्हणजे धाकट्या मालकानं, सहज विचारलं होतं, "ही पोरगी नवीन दिसते. काय नाव व तुयं?"

मी ताठ उभी राहिले. आवाज माझा पहिल्यापासून खणखणीत.

"राजेंद्र."

रोवणाऱ्या बायांचे हात थांबले. एक बेडूक तेवढा बोलत होता. धाकट्या मालकाचं नावही राजेंद्रच. अख्खं गाव त्याला राजेंद्रबाबू म्हणे. त्यातला 'बाबू' गिळायची कोणाची टाप नव्हती.

तो हसला. त्याची आई हसली नाही.

"पोरीले गड्याचं नाव. अन् तेही कोणाचं, पाहा! तुमच्या लोकाईले दुसरं नाव भेटलं नाही का?"

मग ते चिंधी.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी नववीत होते, रोवण्यासाठी शाळा बुडवलेली. दिघोरीच्या पुढं आमचं गाव. आम्ही बौद्ध. आजानं देव सोडले होते. मालकाचा धुरा सुटला नव्हता. आमच्या मोहल्ल्यात मालकाघरचं कोणी पाऊल टाकत नसे, आणि शाळेत पोरांनी हसू नये म्हणून गुरुजी मला आडनावानं हाक मारत. म्हणून हे नाव एवढी वर्षं लपून राहिलं.

"चिंधे, पऱ्हे आण." आधी मालकीण म्हणाली. मग मुकादम. मग शेजारची काकू, जिनं माझी नाळ कापली होती. दिवस कलेपर्यंत माझी मायसुद्धा. तिनं मान वर केली नाही. हळूच म्हणाली, "चिंधे, सरक थोडी."

बायांची ओळ केवढी लांब. खांद्याला खांदा लागलेला. त्या ओळीत माणूस इतकं एकटं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी बा अंगणात बसला होता. मी पाय न धुताच विचारलं, "बा, काहून ठेवलं असं नाव? पोरीचं एकही नाव नव्हतं का?"

बा खूश झाला. खरंच सांगते, त्याचा चेहरा उजळला. इतकी वर्षं हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून तो वाट बघत होता. गोष्ट सांगायला तो उभाच राहिला. कधी मालकाचं पोर झाला, कधी स्वतः. राजेंद्रबाबू तेव्हा शाळकरी. बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पाळीवर उभा राहून त्यानं आपली चप्पल पाण्यात भिरकावली आणि बाला म्हणाला, "ए, आण." बा म्हणाला, "जी राजेंद्रबाबू." छातीभर पाण्यात उतरला, चप्पल आणली. पोरानं पुन्हा फेकली. बा पुन्हा उतरला. ओल्या धोतरानं घरी आला तर माय बाळंत झालेली. तिसरी पोरगी. बायांची तोंडं पडलेली. "हिचं नाव काय ठेवता?"

"म्या म्हटलं, राजेंद्र!" बानं मांडीवर थाप मारली. "बाहेर जी-जी कराचं तर करू. घरी तरी म्हणू, ए राजेंद्र, पाणी आण! ए राजेंद्र, मायी चप्पल आण!"

हसता हसता त्याला ठसका लागला. मीही हसले. गोष्ट फक्कडच होती. आजही मी ती सांगते तेव्हा पाण्यात उतरायचा अभिनय करते.

मग माझं हसू थांबलं.

इतकी वर्षं बा मला हाक मारत होता, आणि त्याच्या डोळ्यापुढं दुसराच कोणी उभा होता. मला बोलवायचं म्हणून त्यानं ते नाव कधी घेतलंच नव्हतं. तिकडं मी चिंधी. इकडं मी बाबूच्या बदल्यातली. दोन्हीकडं मी नव्हते.

रोवण्याच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडं बाया मालकाला चिखल लावतात. त्या दिवशी मालकानं रागवायचं नसतं. हसायचं आणि खाऊ द्यायचा. बाकीच्या बाया गालाला लावत, कपाळाला लावत, खिदळत. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया पायाला लावत. कोणी सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

राजेंद्रबाबू धुऱ्यावर उभा होता. गाल माखलेले, खुशीत. बाजूला लाडवांचा डबा. माय वाकली, पायाला लावून आली. काकू वाकली.

"चाल चिंधे, तू राहिली," मालकीण म्हणाली. "लाव पायाले अन् घे लाडू."

त्यानं पाय पुढं केला.

"राजेंद्रले लावाचा ना चिखल?" मी विचारलं.

"राजेंद्रबाबूले!" मुकादम खेकसला.

मी ओंजळभर चिखल घेतला आणि स्वतःच्याच तोंडाला फासला. कपाळापासून हनुवटीपर्यंत. सावकाश, मंडईच्या जत्रेतल्या नाटकातला राजा रंग लावतो तसा. डोळे तेवढे उघडे ठेवले.

"लावला," म्हटलं. "आता चिंधी कोण हाये तिले शोधा, अन् लाडू तिले द्या."

मला वाटलं होतं, एक तरी बाई हसेल. एवढा मोठा प्रवेश केला होता मी! कोणी हसलं नाही. माय माझ्याकडं बघत नव्हती. मी धुऱ्याधुऱ्यानं एकटी निघाले. मागून कोणाची पावलं वाजली नाहीत. चिखल वाळत गेला, तोंड आवळत गेलं. बोडी लागली तरी धुतलं नाही.

पुढच्या रोवण्याला आमच्या घरी बोलावणं आलं नाही. मोहल्ल्यातल्या बायांनी मायशी बोलणं तोडलं, माझ्यापायी त्यांचीही कामं जातील म्हणून. पण चिखलाच्या त्या संध्याकाळी बा मात्र नाचायच्या बेतात होता.

"वा! ए राजेंद्र, हाणलं तू त्याले!"

"त्याले नाही हाणलं, बा," मी म्हटलं. "म्या मायं नाव सांगतलं. अन् मले 'ए' म्हणू नको. त्याले म्हणाचं असंल तर त्याच्या दारात जाऊन म्हण."

बाचं तोंड उतरलं. तो उखळाशी जाऊन बसला. मग आतून मायनं ताटं वाढली तेव्हा म्हणाला, "राजेंद्र, जेवाले चाल."

'ए' नव्हता. ती पहिली हाक माझ्यासाठी होती.

आता मी भंडाऱ्यात असते. नोकरी आहे, एक खोली आहे. ऑफिसात माणसं येतात, टेबलावरची पाटी वाचतात आणि मलाच विचारतात, "राजेंद्र साहेब कुठं गेले?" मी सांगते, "जेवायला बसलेत," आणि त्यांच्यासमोर डबा उघडते. त्यांना उलगडा होईपर्यंत दोन घास होतात.

स्थळं आली होती. आपलीच माणसं, शिकलेली. "पत्रिकेत दोन गड्याईची नावं कशी छापाची? लग्नात बदलून टाकू. स्वाती ठेवू." गोड बोलत होती. मला त्यांच्या मागं धुऱ्यावरची छत्री दिसत होती. मी चहा दिला आणि दार दाखवलं. पुढं स्थळं यायची थांबली.

माय-बा गेले. जेवायला बोलावणारं आता कोणी नाही. मी ताट घेते आणि मोठ्यानं म्हणते, "राजेंद्र, जेवाले चाल." खोलीत आवाज घुमतो. उत्तर द्यायला मीच असते.

असू दे. नाव विचाराल तर उभी राहून सांगीन. मागं 'ए' नाही, पुढं 'बाबू' नाही. यातलं एक अक्षर मी कोणाच्या पायाशी ठेवणार नाही.