ओरव्हिल झास्ट्रोची एक्केचाळीस मिनिटं

ओरव्हिल झास्ट्रो मतदानाच्या आडोशामागे एक्केचाळीस मिनिटं उभा होता, आणि तेवढा वेळ वॉशिंग्टनचा एक माणूस त्याच्या कानातल्या यंत्रातून त्याच्याशी बोलत होता, अशी कुजबूज विस्कॉन्सिनमधल्या वेंडेलबर्ग गावात बरेच दिवस चालली. कुणी म्हणायचं, एक नव्हे, दोन माणसं. उजव्या कानात लाल पक्षाचा, डाव्या कानात निळ्या पक्षाचा. पोस्टातल्या बाईंनी तर त्या दोघांचं आपसात जुंपल्याचंही सांगितलं. त्यांना ते कुठून ऐकू आलं, हे विचारायला कुणी गेलं नाही. इतक्या चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतो?

तर हा ओरव्हिल. वय चौऱ्याहत्तर. अडतीस वर्षं चीजच्या कारखान्यात दूध ढवळलं, त्यामुळे हात अजून बाळासारखे मऊ. बायको आर्लीन चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आठवड्याचे सहा दिवस तो शुक्रवारची वाट बघण्यात काढायचा. शुक्रवारी संध्याकाळी सहाला मार्लिस पिओन्टेकच्या बारमध्ये तळलेले मासे, बटाट्याची धिरडी, ब्रँडीचा एक गोडसर ग्लास, आणि मग शीप्सहेड.

शीप्सहेड हा पत्त्यांचा डाव पाच जणांचा. चौघांतही खेळता येतो म्हणतात, पण तसं खेळणाऱ्याला आमच्याकडे शेजारच्या मिनेसोटा राज्याचा समजतात. एक जण डाव अंगावर घेतो, आणि चौकटचा गुलाम ज्याच्या हातात, तो त्याचा चोरटा भिडू. कोण कुणाच्या बाजूचा हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नसतं. ओरव्हिलला हे तीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. गुलाम हातात आला की त्याची डावी भुवई वर चढायची, आणि ती खाली आणायला गेला की कान लाल व्हायचे.

त्या निवडणुकीच्या वर्षी टेबलावर गुलामापेक्षा मोठी भानगड आली. बुच लात्श, दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला, आणि त्याचा चुलतभाऊ एल्रॉय, हे दोघे लाल. मार्लिस आणि शाळेतून निवृत्त झालेल्या जिनेटबाई, या दोघी निळ्या. बुचने अंगणात उमेदवाराच्या नावाची पाटी एवढी मोठी ठोकली की समोरच्या बारवर दुपारी सावली पडायची. मार्लिसने उत्तरादाखल रस्त्याच्या कडेने लहान लहान चाळीस पाट्या गाजरांसारख्या पेरल्या. जुलैपासून दोघांत फक्त पत्त्यांपुरतं बोलणं उरलं.

मधे ओरव्हिल. दोन इकडे, दोन तिकडे, आणि पाचवी खुर्ची त्याची. मार्लिसने त्याला गल्ल्याशी गाठून सांगितलं, "तू त्यांच्यात गेलास तर मी आणि जिनेट उठलो. तुझ्यावर राग नाही रे. पण तिघांविरुद्ध दोघी बसून मला मासे पचत नाहीत." बुचने बाहेर गाडीपाशी तेच सांगितलं, दोनच शब्दांत: "आम्हीपण उठणार."

ओरव्हिलचं मत एप्रिलमध्येच पक्कं झालं होतं. आर्लीनच्या फोटोला त्याने ते सांगितलंही होतं. फोटोपलीकडे ते जाऊ द्यायचं नाही, एवढंच आता त्याच्या हातात होतं.

पण ऑगस्टमध्ये नेमक्या शुक्रवारी, पत्ते वाटून झाल्यावर, मतचाचणीवाल्यांचा फोन आला. ओरव्हिलला ऐकू कमी येतं म्हणून त्याचा फोन कायम मोठ्या आवाजावर. चौघांनी पत्ते खाली ठेवले.

"आज निवडणूक झाली, तर आपण कुणाला मत द्याल?" फोनवरच्या मुलीने विचारलं. तिचं नाव रेनाटा.

"आज शुक्रवार आहे, पोरी. आज मासे असतात."

"समजा, आजच असली तर?"

ओरव्हिलने समोर बघितलं. आठ डोळे. तिकडे बघून तो म्हणाला, "अजून ठरत नाहीये."

अशा वेळी फोन आपटायचा असतो, असं तुम्ही म्हणाल. आमच्या गावात फोन आपटत नाहीत. चुकून लागलेला फोनही हवापाणी आणि समोरच्याच्या आईची तब्येत विचारून मगच ठेवतात. ओरव्हिल रेनाटाशी बावीस मिनिटं बोलला, आणि शेवटी पुन्हा फोन कर म्हणाला. तिने केला. दर आठवड्याला केला.

खेड्यातला, सत्तरीपुढचा, विधुर, मत न ठरलेला, आणि वर फोन उचलणारा, असा माणूस त्या चाचणीवाल्यांना अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये हा एकच सापडला होता. म्हणून ओरव्हिलच्या एका उत्तराला ते अकरा हजार माणसांचं वजन लावायचे. बारमधल्या टीव्हीवर तज्ज्ञ गंभीर चेहऱ्याने सांगायचे की ग्रामीण ज्येष्ठ अजूनही संभ्रमात आहेत, आणि सगळा बार वळून ओरव्हिलकडे बघायचा. सप्टेंबरात त्याला सर्दी झाली, दोन फोन चुकले. त्या पंधरवड्यात न ठरलेले मतदार राज्यातून नाहीसे झाल्याची बातमी आली आणि दोन्ही पक्षांनी विजय जाहीर केला. ओरव्हिलचं नाक मोकळं झालं तशी शर्यत पुन्हा अटीतटीची झाली.

मग माणसं यायला लागली. दोन्ही पक्षांचे प्रचारक एकाच सकाळी दारात आले. ओरव्हिलने दोघांना एकाच सोफ्यावर बसवून कॉफी पाजली आणि भोपळ्याचे वडीवजा केक बांधून दिले. एक उमेदवार घड्याही न मोडलेला नवा चौकड्यांचा शर्ट घालून बारमध्ये आला आणि हाताने खायचे तळलेल्या चीजचे गोळे काट्याने खाऊन गेला. गावाने त्याला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही. टीव्हीवाल्यांनी ओरव्हिलला कॉड मासा हवा की पर्च, हे निवडताना टिपलं. तो लगेच पर्च म्हणाला. त्या निर्णयाचा अर्थ काढायला रात्री टीव्हीवर चार तज्ज्ञ बसले, आणि सकाळी दोन्ही पक्षांचे प्रवक्ते पर्च कसा मुळात आपलाच मासा आहे ते सांगत होते.

ओरव्हिलला यातलं काहीच नको होतं. त्याला सहाला टेबल हवं होतं. आणि ते टिकलं. ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवारही पाच जणांत पार पडला.

त्या दिवशी उठताना मार्लिसने पत्ते पिसता पिसता म्हटलं, "मंगळवारी आम्ही चौघं तुझ्याबरोबर येणार."

"कशाला?" ओरव्हिल म्हणाला.

"तुझं थोबाड बघायला. तीस वर्षं बघतोय. बाहेर आलास की कळेल."

"मत गुप्त असतं, मार्लिस."

"मत असेल बाबा. तुझी भुवई नाही," बुच म्हणाला. जुलैपासून बुच आणि मार्लिस एका गोष्टीवर हसले ते पहिल्यांदा.

चार रात्री ओरव्हिलला झोप नाही. टपालाने मत द्यायची मुदत गेलेली. न द्यावं, तर आर्लीनच्या फोटोला सांगितलेलं खोटं पडायचं. आरशासमोर उभा राहून त्याने एकदा एक नाव उच्चारून बघितलं, एकदा दुसरं. पहिल्याला भुवई जागच्या जागी. दुसऱ्याला गेली वर.

मंगळवारी मतदान अग्निशमन केंद्रात होतं. बंब बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. बुचच्या गाडीतून पाचही जण आले. चौघांनी आपापली मतं झटपट उरकली आणि दाराशी, बंबाला टेकून, ओळीने उभे राहिले. ओरव्हिल कागद घेऊन पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. रांगेतल्या एकाने एल्रॉयला विचारलं, म्हातारा बरा आहे ना? मतदान कर्मचारी बाई दोनदा खाकरल्या. पुठ्ठ्याच्या खाली ओरव्हिलचे बूट तेवढे दिसत होते, ते हलत नव्हते. कुणीतरी ही बातमी बाहेर फोनवरून सांगितली, आणि तिकडे टीव्हीवर ग्रामीण ज्येष्ठांत शेवटच्या क्षणी चलबिचल असल्याचं सांगायला सुरुवात झाली.

एक्केचाळीस मिनिटांनी ओरव्हिल बाहेर आला. कागद यंत्रात सरकवला, मत दिल्याचा गोल कागदी बिल्ला कोटावर चिकटवला आणि दाराशी येऊन उभा राहिला. मार्लिसने डावी भुवई बघितली. बुचने दोन्ही कान बघितले. जिनेटबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा होता.

मग मार्लिस म्हणाली, "शुक्रवारी सहाला?"

"सहाला," ओरव्हिल म्हणाला.

शुक्रवारी पाचही खुर्च्या भरल्या. कोण जिंकलं, कोण हरलं, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, आणि बुच व मार्लिस दोघंही ओरव्हिलच्या बशीत आपापला एक मासा वाढताना एकमेकांकडे संशयाने बघत होते. कुजबूज सुरू झाली ती त्याच रात्री, त्याच बारमधून.

खरं एवढंच. कानातलं यंत्र त्या दिवशी घरी, खिडकीतल्या बशीत होतं. मत ओरव्हिलने पहिल्या मिनिटातच दिलं होतं. उरलेली चाळीस मिनिटं तो भुवई खाली यायची वाट बघत उभा होता.